हेळवाकच्या नैऋत्येला, नऊ किलोमीटर खोल

सातारा-कराडकडच्या वर्तमानपत्रांत एक चार ओळींची बातमी अधूनमधून येतच असते. कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का. तीव्रता रिश्टर स्केलवर २.९ किंवा ३.१. केंद्रबिंदू हेळवाक गावाच्या नैऋत्येला अमुक किलोमीटर, खोली नऊ किलोमीटर. शेवटची ओळ ठरलेली: धरण सुरक्षित आहे, नागरिकांनी घाबरून जाऊ नये. पाटण तालुक्यातला माणूस ती वाचतो आणि पान उलटतो. रात्री मांडणीवरची भांडी खडखडली, पत्रा वाजला, हे त्याला बातमीआधीच ठाऊक असतं.

मी भूगर्भशास्त्र शिकवते. दरवर्षी पहिल्या आठवड्यात अशी एखादी बातमी वर्गात वाचून दाखवते आणि विचारते, यात अजून न सुटलेला प्रश्न कुठला? मुलं म्हणतात, "धरणामुळे भूकंप होतो का?" तो प्रश्न बराचसा सुटलेला आहे. न सुटलेला प्रश्न 'येतच असते' या दोन शब्दांत दडलाय. जगात शंभराहून जास्त जलाशयांपाशी पाणी भरल्यावर भूकंप झाल्याच्या नोंदी आहेत. बहुतेक ठिकाणी काही वर्षं जमीन हलली आणि मग निवांत झाली. कोयनेत पाणी साठायला लागलं १९६२ साली. साठ वर्षं उलटून गेली, तरी इथली जमीन थांबलेली नाही. ती का थांबत नाही आणि इथेच का, याचं पूर्ण उत्तर आजही कुणाकडे नाही. मात्र ते शोधण्यासाठी जे जे झालं, ते जगाच्या भूकंपशास्त्रात मानाचं पान आहे, आणि ते आपल्या लोकांना नीट माहीत असावं असं मला फार वाटतं.

पहाटे ४ वाजून २१ मिनिटं

सोमवार, ११ डिसेंबर १९६७. माझे मामा तेव्हा अकरा वर्षांचे होते, कोयनाकाठच्याच एका वाडीत. ते सांगतात, आधी आवाज आला. घाटातून जड ट्रक उतरावा तशी घरघर, पण ती खालून. मग दगडमातीची भिंत आत कोसळली. गोठ्यातली गुरं आधीच उठून दावी ओढत होती, असंही ते ठामपणे सांगतात. त्या गुरांच्या गोष्टीचा मी पुरावा म्हणून कधी उपयोग करत नाही, पण ती गाळून मामांची पहाट सांगताही येत नाही.

भूकंप ६.३ तीव्रतेचा होता. जवळपास दोनशे माणसं गेली, हजारावर जखमी झाली. कोयनानगरच्या वसाहतीतली ऐंशी टक्क्यांहून जास्त घरं पडली किंवा मोडकळीला आली. हादरा मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत जाणवला. वीजनिर्मिती बंद पडल्यामुळे मुंबईचे कारखानेही अडले. दोणीचीवाडीच्या बाजूला जमिनीला तिरप्या भेगांची रांग पडली, उत्तर-ईशान्येकडून दक्षिण-नैऋत्येकडे जाणारी. ही दिशा लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

धरणाचं काय झालं? १०३ मीटर उंचीचं हे धरण बांधताना भूकंपाचा विचार केलेला होता, पण अगदी जुजबी: गुरुत्वीय त्वरणाच्या पाच टक्के एवढ्या आडव्या जोराला ते टिकावं, असा हिशोब होता. धरणाच्या पोटातल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्रानं त्या पहाटे ६३ टक्के नोंदवले, म्हणजे धरलेल्या हिशोबाच्या बारा पटींहून जास्त. सर्वांत उंच भागांना, माथ्यापासून सुमारे छत्तीस मीटर खाली जिथे मागच्या उताराचा कोन बदलतो तिथे, दोन्ही अंगांनी आडव्या चिरा गेल्या. पाणी तेव्हा जवळपास ९२ मीटर चढलेलं होतं. धरण उभं राहिलं. नंतर त्याला मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकट केलं गेलं. यंत्रातून निघालेली ती काही सेकंदांची नागमोडी रेघ आज जगभर वापरली जाते. नव्या धरणाचं गणित तपासायचं असेल, तर कुठल्याही देशातला अभियंता संगणकावर ते धरण 'कोयना' देऊन हलवून बघतो.

सह्याद्रीचा हा भाग तोपर्यंत भूकंपाच्या दृष्टीनं निर्धोक समजला जाई. लाव्ह्याचा जाड थर, खाली प्राचीन खडक, दोन्ही घट्ट, असं मानलं जायचं. पाठ्यपुस्तकात 'द्वीपकल्पाचा स्थिर भाग' असा शब्द होता. तो शब्द त्या पहाटेनंतर पूर्वीसारखा लिहिता आला नाही. पुढे भूकंपाचा नकाशा बदलला आणि कोयना चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, विभागात गेली.

संशय आधीपासून होता

हा भूकंप अचानक आला असं लोक म्हणतात, ते खरं नाही. जलाशय भरायला लागल्यावर थोड्याच दिवसांत भोवतालच्या गावांत बारीक धक्के आणि जमिनीतून गडगडाट सुरू झाला. गावकऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९६३ मध्ये तिथे भूकंपमापक यंत्रं बसवावी लागली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेचे लोक हे काम पाहत होते. त्यांच्या नोंदींत धक्क्यांचे केंद्रबिंदू जलाशयाच्या आसपासच गोळा होताना दिसले. १३ सप्टेंबर १९६७ ला साडेपाच तीव्रतेच्या आसपासचा धक्का बसला. डिसेंबर आला तो त्यानंतर.

मला या प्रकरणातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी वाटते. यंत्रं कुणाच्या प्रबंधासाठी बसली नव्हती, ती बसली बायाबापड्यांनी "जमीन बोलतीय" म्हणून तगादा लावल्यावर. १९६३ च्या आधी सर्वांत जवळचं यंत्र पुण्यात होतं, शंभराहून जास्त किलोमीटर दूर. तेवढ्या अंतरावरून तीनचा धक्का कळणंही अवघड. म्हणून 'धरणापूर्वी इथे काहीच हलत नव्हतं' हे कुणीही यंत्राच्या कागदावरून सिद्ध करू शकत नाही. ही उणीव पुढच्या प्रत्येक वादात डोकावत राहिली आहे, आणि ती कधीच भरून निघणार नाही.

भूकंपानंतर युनेस्कोचे तज्ज्ञ आले, सरकारी समित्या बसल्या. दोन तट पडले. एक म्हणे, भारतीय भूपट्ट उत्तरेला रेटा देतोय, त्यानं आत ताण साठलेला होता, भूकंप व्हायचाच होता. दुसरा म्हणे, मग तो नेमका जलाशयाच्या काठी आणि जलाशय भरल्यावरच का? जगात तेव्हा अशी मोजकी उदाहरणं ताजी होती: चीनमधलं शिनफंगच्यांग १९६२, आफ्रिकेतलं करिबा १९६३, ग्रीसमधलं क्रेमास्टा १९६६. तिन्ही ठिकाणी सहाच्या वरचे धक्के. कोयना चौथी, आणि चारांत सर्वांत जास्त जीव घेणारी.

पाणी वजनानं हलवतं की आत शिरून?

सामान्य माणसाला पटतं ते वजन. एवढं पाणी डोक्यावर घेतलं की जमीन खचणारच. पण हिशोब मांडून पाहा. शंभर मीटर पाण्याचा दाब सुमारे दहा बार. पाच किलोमीटर खोलीवर नुसत्या खडकाचा दाब तेराशे बारच्या घरात. म्हणजे धरणाचं ओझं तिथल्या ओझ्याच्या शेकड्याला एकही पडत नाही. तेवढ्यानं डोंगराएवढा खडक सरकेल का?

सरकेल, जर तो आधीच सरकण्याच्या बेतात असेल आणि पाणी भेगेत पोहोचलं तर. स्वयंपाकघरातलं उदाहरण मी वर्गात करूनच दाखवते. गरम पाण्यानं विसळलेली वाटी ओल्या ओट्यावर पालथी घाला. कुणी हात न लावता ती सरकत जाते. आत कोंडलेली हवा तापून फुगते, वाटीला जराशी उचलून धरते, मग ओट्याशी असलेलं तिचं घर्षण कमी होतं आणि किंचित उतारही तिला पुरतो. भेगेच्या दोन्ही अंगांचे खडक एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात. त्या फटीतल्या पाण्याचा दाब वाढला की तो खडकाचं थोडं ओझं स्वतःवर घेतो. तेवढी पकड सैल होते. याला छिद्रदाब म्हणतात. शेकडो वर्षं साठलेला ताण तिथे वाट पाहतच असतो.

हे नुसतं कल्पनेतलं नव्हतं. अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराच्या रासायनिक कारखान्यानं १९६२ पासून सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबून सोडायला सुरुवात केली, आणि लगोलग तिथे भूकंप सुरू झाले. १९६६ मध्ये पाणी सोडणं थांबवलं. तरी सर्वांत मोठे धक्के बसले ते १९६७ मध्ये, म्हणजे थांबवल्यानंतर. आत गेलेलं पाणी आपल्या चालीनं पसरत राहिलं होतं. पुढे कोलोरॅडोतल्याच रँजली तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम दाब वाढवून आणि उतरवून पाहिला, तसे भूकंप वाढले आणि ओसरले.

कोयनेत पाणी कुणी पंपानं आत दाबत नाही. पावसाळा ते काम करतो. जून ते ऑगस्ट जलाशय चढतो, आणि धक्क्यांचा जोर पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत वाढतो. उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं उतरतं तेव्हाही थोडी हालचाल होते. पाण्याची पातळी आणि धक्के यांच्यात पडणारं हे अंतर फार बोलकं आहे. वजनाचा परिणाम त्याच दिवशी दिसायला हवा, दाब खाली झिरपायला मात्र वेळ लागतो.

मामांनी हे मला कुठलाही आलेख न बघता सांगितलं होतं. "पोरी, पाऊस सरला की बघ. गौरी-गणपती झाल्यापास्नं दिवाळीपातुर जमीन जागी असती."

दोन आकडे

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता यांनी कोयनेला जवळपास आपलं आयुष्य दिलं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदी जलाशयाच्या पातळीशी लावून पाहिल्या, तेव्हा दोन गोष्टी वर आल्या.

पहिली, चढण्याचा वेग. पाचच्या वरचे धक्के ज्या वर्षी बसले, त्या वर्षी पाणी एखाद्या आठवड्यात बारा मीटर किंवा त्याहून जास्त चढलेलं होतं. असं चढलं की भूकंप होतोच असं नाही, पण एवढं चढल्याशिवाय मोठा धक्का सहसा दिसला नाही. दुसरी, मागची कमाल पातळी. पाणी पूर्वी कधीच गेलं नव्हतं एवढं वर गेलं, की मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते. खडकाला जणू आधीच्या ओझ्याची आठवण असते. तेवढं ओझं तो मुकाट सोसतो, नव्या ओझ्याला प्रतिसाद देतो.

या दोन आकड्यांनी प्रश्नाचा सूर बदलला. धरणानं भूकंप 'घडवला' म्हणायचं की 'चाळवला'? शास्त्रज्ञ आज दुसरा शब्द वापरतात, आणि मलाही तोच बरोबर वाटतो. ताण निसर्गाचा आहे. तो पाण्यानं चाळवला जातो. पण एक जोडायला हवं: ज्याचं घर पडलं त्याच्यासाठी या शब्दांतला फरक फार लहान आहे. आमच्या मामांकडे दोन दाखले आहेत, धरणग्रस्ताचा आणि भूकंपग्रस्ताचा. शेत पाण्यात गेलं म्हणून एक, घर पडलं म्हणून दुसरा. दोन्ही एकाच पिशवीत, वरून रबरबँड लावून ठेवलेले.

वारणा

एखाद्या तर्काची खरी परीक्षा म्हणजे तो प्रयोग पुन्हा करून बघणं. धरण बांधून भूकंपाचा प्रयोग कोण करणार? पण तो आपोआप झाला. कोयनेच्या दक्षिणेला, तीसेक किलोमीटरवर, चांदोलीला वारणा धरण झालं. १९८५ पासून तिथे पाणी साठू लागलं. हळूहळू धक्क्यांचा पसारा दक्षिणेला सरकला. १९९३ च्या डिसेंबरात आणि १९९४ च्या फेब्रुवारीत पाच आणि त्याहून मोठे धक्के बसले, या वेळी वारणेच्या बाजूला. कोयनेकडे खडक मुख्यतः आडवे एकमेकांना घासून सरकतात, १९६७ च्या त्या भेगांच्याच दिशेत. वारणेकडे ते खाली घसरतात. पाणी एकाच पावसाचं, पण दोन्हीकडे जुन्या भेगांची घडण वेगळी.

माझ्या मते सर्वांत जड पुरावा हाच. एक धरण भरलं आणि भूकंप आले, हा योगायोग असू शकतो. शेजारचं दुसरं धरण भरलं आणि भूकंप तिकडे सरकले, याला योगायोग म्हणायला मन धजत नाही.

तरी आक्षेप ऐकून घ्यायला हवेत. यंत्रं वाढली की बारीक धक्के जास्त दिसतात, म्हणून 'भूकंप वाढले' हे वाक्य नेहमी तपासून घ्यावं. आणि दुसरा आक्षेप तर मला रात्री जागं ठेवतो. उजनीची साठवण कोयनेपेक्षा मोठी आहे, जायकवाडीही पाण्यानं त्याच तोलाची. तिथे अशी मालिका नाही. ती धरणं उथळ आहेत, पाणी पसरट आहे, हे एक उत्तर. पण जगात कोयनेहून उंच धरणंही कितीतरी आहेत, आणि तिथली जमीन गप्प आहे. मग पाणी आणि उंची यांखेरीज कोयनेच्या पोटात वेगळं काय आहे? ते वरून दिसत नव्हतं. वर सगळीकडे काळा कातळ.

कातळाखाली

१९६२ पासूनचा हिशोब असा आहे: पाचच्या वरचे बावीस, चारच्या वरचे दोनशेच्या आसपास, लहान हजारोंनी. हे सगळे साधारण तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद पट्ट्यात. त्याच्या बाहेर पन्नास किलोमीटरपर्यंत भूकंपाचं दुसरं ठाणं नाही. बहुतेक धक्के दहा किलोमीटरच्या आतले. भूकंपशास्त्रज्ञासाठी यापेक्षा सोयीची जागा जगात क्वचितच असेल. जपान किंवा कॅलिफोर्नियात भूकंपाचं मूळ एक तर फार खोल किंवा भोवती इतक्या भेगा की कुठली कुणाची कळत नाही. इथे भूकंप लहान जागेत, उथळ आणि हमखास येतात. म्हणजे थेट त्यांच्या उगमापाशी यंत्र नेऊन ठेवता येईल.

हा विचार २०११ च्या मार्चमध्ये हैदराबाद आणि कोयनेला भरलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेत पक्का झाला. पुढच्या काही वर्षांत परिसरात नऊ शोधविंधनं, म्हणजे खडकात पाडलेली अरुंद भोकं, घेतली गेली, दीड किलोमीटरपर्यंत खोल. विमानातून गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व मोजलं, लेसरनं जंगलाखालची जमीन नकाशावर आणली. काही विंधनांच्या तळाशी भूकंपमापक सोडले. वरच्या रस्त्यावरच्या गाड्या, पाऊस, वारा यांचा आवाज तिथे पोहोचत नाही, त्यामुळे अगदी बारीक धक्केही ऐकू येतात आणि त्यांची जागा जास्त नेमकी कळते. या सगळ्या कामासाठी कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची स्वतंत्र विंधन-भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. मग डिसेंबर २०१६ ते जून २०१७ या काळात, धरणाच्या दक्षिणेला गोठण्याला, तीन किलोमीटर खोलीचं पथदर्शी विंधन पुरं झालं.

अशा विंधनातून निघालेला खडकाचा गोल दंडगोल, ज्याला तिथले लोक 'कोअर'च म्हणतात, मी हातात घेतला आहे. लांब पेट्यांत ओळीनं मांडून ठेवतात, प्रत्येक तुकड्यावर रंगानं खोली लिहिलेली. वरचे शेकडो मीटर काळा बेसॉल्ट. मधेच लालसर थर, म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधे पडलेली सवड. कुठे बुडबुड्यांची जागा पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली. रासाटीच्या विंधनात सुमारे ९३२ मीटरवर हा काळा रंग संपतो आणि ग्रॅनाइटी खडक लागतो, करडा-गुलाबी, अभ्रकाची चमक असलेला. गोठण्याला बेसॉल्ट याहूनही जाड आहे.

त्या सांध्यावर मी अंगठा ठेवून उभी राहिले होते. अंगठ्याच्या वर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, खाली अडीचशे कोटींहून जुना खडक. मधल्या सगळ्या काळाचा हिशोब माझ्या अंगठ्याखाली. बरेच जण असं धरून चालले होते की बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट यांच्या मधे गाळाच्या खडकाचा जाड थर असेल, आणि पाणी त्यात साठत असेल. तसा थर सापडला नाही. लाव्हा थेट जुन्या झिजलेल्या जमिनीवर ओतला गेला होता. एक सोपं उत्तर तिथे बाद झालं.

मग काय कळलं? भूकंपांची घरं बेसॉल्टमधे नसून मुख्यतः खालच्या त्या म्हाताऱ्या खडकात आहेत. तो बाहेरून अखंड वाटला तरी जागोजागी भेगाळलेला आणि चुरडलेला आहे, आणि पाणी खेळायला त्या भेगा पुरेशा आहेत. खालची उष्णताही बेताची आहे, सहा किलोमीटरपर्यंत यंत्रं टिकतील एवढी.

उरलेले प्रश्न

पाणी नेमकं किती खोल पोहोचतं आणि कुठल्या वाटेनं, हे अजून थेट मोजलेलं नाही. पाच-सहा किलोमीटरवरच्या भेगेतला छिद्रदाब दर पावसाळ्यात किती चढतो, याचा आकडा गणितातून येतो, यंत्रातून नाही. तो यंत्रातून यावा म्हणूनच आणखी खोल जायचं आहे.

दुसरा प्रश्न थकण्याचा. दर वर्षी थोडा थोडा ताण मोकळा होतो, तर तो संपायला हवा होता. एकतर सुरुवातीला साठलेला ताण आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा होता, नाहीतर तो अजून आत येतोय, भूपट्टाच्या रेट्यानं पुन्हा पुन्हा भरला जातोय. की दरवर्षी वर-खाली होणारं पाणी नव्या नव्या भेगांपर्यंत पोहोचतंय आणि एकेक भेग जागी करतंय? मला तिसऱ्याकडे जास्त ओढ वाटते, कारण पसारा कोयनेकडून वारणेकडे सरकलेला दिसतो. पण हा माझा कल आहे, निकाल नव्हे.

आणि तिसरा, जो प्रत्येक गावसभेत विचारला जातो: पुढचा कधी? २००५ पासून कोयनेतल्या नोंदी जवळजवळ तत्काळ हैदराबादेत पाहिल्या जाऊ लागल्या. चारच्या आसपासच्या धक्क्याआधी बारीक पूर्वधक्क्यांचा एक विशिष्ट गुच्छ दिसतो का, हे तपासून काही वेळा थोडक्या मुदतीचे अंदाज बांधले गेले, आणि त्यातले काही जुळलेही. जगात कुठेच हे सोपं नाही, म्हणून त्या प्रयत्नाचं मोल मोठं आहे. पण चारच्या धक्क्यासाठी गाव रिकामं करता येत नाही, आणि सहाच्या धक्क्याआधी तसा गुच्छ दिसेलच याची हमी नाही. किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३, हाच दख्खनचा कातळ, दहा हजारांच्या घरात माणसं गेली. तिथे कोयनेएवढा कुठला जलाशय नव्हता. म्हणजे या काळ्या दगडाखाली ताण साठवून बसलेल्या जागा आणखी आहेत आणि त्यांतल्या काहींना चाळवायला पाणीही लागत नाही. कोयनेत आपण जे शिकू ते म्हणून पाटण तालुक्यापुरतं राहणार नाही.

एक तक्रार मात्र करते. एवढं सगळं संशोधन ज्यांच्या घराखाली चाललंय, त्यांच्यापर्यंत पोहोचतं काय, तर ती चार ओळींची बातमी. आठवड्यात पाणी किती चढलं तर लक्ष ठेवायचं, घराच्या भिंतीला आडवा पट्टा का घालायचा, गडगडाट झाला की आधी कुठल्या दाराकडे जायचं, हे वाडीवाडीत साध्या मराठीत सांगायला कुठलंही खोल विंधन लागत नाही.

पावसाळ्यात मी एक वही ठेवते. दर सोमवारी दोन आकडे लिहिते: या आठवड्यात शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, किती मीटर चढला, आणि आजवरची कमाल पातळी गाठायला किती उरलं. तिसरा रकाना मामांचा असतो. ते फोनवर सांगतात आणि मी लिहून घेते. गेल्या पावसाळ्यातल्या एका सोमवारी त्यांनी सांगितलेलं तसंच्या तसं उतरवलंय: "राती दोनदा भांडी वाजली. दुसऱ्यांदा जरा लांबलं. म्हस उठून उभी राहिली."